थंडीत टिकणारं परसातलं हरितगृह: पाया आधी, कागद सगळ्यात शेवटी

थंड हवेच्या भागात परसात हरितगृह बांधणारे बहुतेक जण पहिल्यांदा विकत आणतात तो प्लॅस्टिकचा कागद. मग कागदाच्या मापाने सांगाडा होतो, सांगाड्याच्या मापाने जागा साफ होते, आणि झरोका ठेवायचा राहिला हे पहिल्या स्वच्छ उन्हाच्या दिवशी लक्षात येतं. मीही हेच केलं होतं. बाहेर उणे ६ अंश होतं म्हणून दार घट्ट लावून निर्धास्त बाहेर पडलो. दुपारी परतलो तर आतला तापमापक ४१ दाखवत होता आणि पालकाची रोपं कढईतून काढल्यासारखी वाफ्यावर आडवी झाली होती. त्याच महिन्यात एका रात्रीच्या वाऱ्याने उरलेला हिशेब पुरा केला. सांगाडा कागदासकट उचलला आणि कुंपणावर नेऊन टेकवला.

ऊब ऊनच देतं. ती रात्रभर गळू न देणं एवढंच आपल्या हातात असतं. गळती होते जमिनीच्या कडेने, फटींतून आणि उत्तरेकडच्या भिंतीतून, म्हणजे हिवाळ्यात सूर्य जिथे येतच नाही तिथून. त्यामुळे कामाचा क्रम जागा, पाया, सांगाडा, उत्तर बाजू, झरोके आणि मग कागद असा ठेवा. हा क्रम उलटा केला की प्रत्येक टप्प्यावर आधीचं काम उसवावं लागतं.

खाली दिलेला नमुना ३ बाय ४ मीटरचा, लाकडी सांगाड्याचा आहे. घराच्या छपरासारखी त्याला दोन पाखी आहेत, पण असमान. दक्षिणेचं पाखं लांब, उभट आणि पारदर्शक. उत्तरेचं आखूड, बंद आणि उबदार. अर्धगोल पाइपांचा बोगदा बांधायला सोपा असतो हे खरं, पण त्याची उत्तरेची अर्धी बाजू हिवाळाभर नुसती उष्णता बाहेर सोडते. (दक्षिण गोलार्धात असाल तर या लेखात दक्षिण आणि उत्तर यांची अदलाबदल करून वाचा, आणि महिने सहाने पुढे सरकवा, म्हणजे डिसेंबरच्या जागी जून.)

## टप्पा १: जागा ठरवा, पण डिसेंबरच्या उन्हाने

उन्हाळ्यात लख्ख उजेडात असलेली जागा हिवाळ्यात दिवसभर सावलीत असू शकते. हिशेब सोपा आहे. ९० मधून तुमच्या गावाचा अक्षांश वजा करा, त्यातून आणखी २३.५ वजा करा. उरेल तो २१ डिसेंबरच्या सुमारास माध्यान्हीच्या सूर्याचा कोन. ३५ अंश अक्षांशावर तो ३१.५ येतो आणि ४५ अंशांवर फक्त २१.५. म्हणजे ३ मीटर उंच भिंतीची सावली पहिल्या ठिकाणी सुमारे ५ मीटर पडते आणि दुसऱ्या ठिकाणी साडेसात मीटर. दक्षिणेला एवढ्या अंतरात शेजाऱ्याची भिंत, दाट सदाहरित झाड किंवा तुमचंच घर असेल तर दुसरी जागा बघा.

कागदावरच्या हिशेबावर विश्वास बसत नसेल तर एक युक्ती आहे. जूनमधल्या पौर्णिमेचा चंद्र आकाशात साधारण तेवढ्याच खालून जातो, जेवढ्या खालून डिसेंबरचा सूर्य जातो. त्या रात्री ठरवलेल्या जागी उभं राहा. मध्यरात्रीच्या सुमारास चंद्र दक्षिणेला असताना झाडाआड गेला, तर डिसेंबरातलं दुपारचं ऊनही तिथेच अडणार.

लांब बाजू पूर्व-पश्चिम, पारदर्शक पाखं दक्षिणेला. दक्षिण शोधायला होकायंत्रापेक्षा काठी बरी. सपाट जागी काठी उभी रोवा आणि दिवसातल्या सगळ्यात आखूड सावलीची रेघ मारून ठेवा. ती रेघ उत्तर-दक्षिण. पंधरा अंशांचा फरक पडला तरी काही बिघडत नाही.

पाणी साचणारी जागा टाळा. सगळ्यात खोलगट कोपराही टाळा, कारण थंड हवा जड असते, ती रात्री उतारावरून वाहत तिथेच येऊन बसते. बांधकामाबद्दल आणि हद्दीपासून किती अंतर सोडायचं याबद्दल स्थानिक नियम काय आहेत ते खणण्याआधी विचारून घ्या.

## टप्पा २: पैसे कुठे वाचवायचे, कुठे नाही

वाचवण्यासारखं बरंच आहे. जुनं लाकूड, मोडीतली दारं, पाण्याची जुनी पिंपं, पॅकिंगमधले थर्मोकोलचे जाड पत्रे हे सगळं चालतं. पॅलेटचं लाकूड घेणार असाल तर त्यावरचा शिक्का बघा. ‘एचटी’ म्हणजे उष्णतेने प्रक्रिया केलेलं, ते घ्या. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं, ते भाजीपाल्याजवळ नको. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर क्रिओसोटमध्ये, म्हणजे लाकूड कुजू नये म्हणून वापरतात त्या विषारी तेलात, मुरवलेले असतात, तेही नकोत. लाकडाला गाडीचं जळकं ऑइल फासायची सवय बऱ्याच जणांना असते. तेच ऑइल पुढे वाफ्यात उतरतं.

तीन ठिकाणी मात्र हात आखडू नका.

कागद अतिनील किरणांना टिकणारा, २०० मायक्रॉनचा, हरितगृहासाठीच बनवलेलाच घ्या. बांधकामावर झाकायला वापरतात ते साधं प्लॅस्टिक एका हंगामात ठिसूळ होऊन फाटतं. आणि फाटतं ते ऐन थंडीतल्या वाऱ्यात, जेव्हा बोटं गारठलेली असतात आणि दुकान बंद असतं.

स्क्रू जस्ताचा मुलामा दिलेले घ्या. वाऱ्याने सांगाडा सतत हलत राहतो आणि त्या हलण्याने खिळे हळूहळू वर येतात.

खांबांना पायाशी पुरेशी पकड द्या. त्याबद्दल पुढच्या टप्प्यात.

पीव्हीसी पाइपांचा सांगाडा स्वस्त पडतो, हे मला ठाऊक आहे. बर्फ पडत नसेल आणि दोन-तीन वर्षांपुरतंच काम असेल तर करा. पण थंडीत तो ठिसूळ होतो, बर्फाखाली दबतो, आणि पीव्हीसीला चिकटून राहिलेला पॉलिथिनचा कागद तिथेच आधी खराब होतो. पाइपावर पांढरा रंग किंवा कापडी पट्टी असल्याशिवाय कागद टाकू नका.

## टप्पा ३: आखणी आणि पाया

३ बाय ४ हे माप मुद्दाम निवडलंय. चौकोन काटकोनात असेल तर त्याचा कर्ण बरोबर ५ मीटर येतो, वेगळा गुण्या लागत नाही. चार खुंट्या ठोका, दोरी ताणा, दोन्ही कर्ण मोजा.

तपासा: दोन्ही कर्ण ५ मीटर आले का? एका सेंटीमीटरहून जास्त फरक असेल तर खुंट्या हलवा. इथली चूक आढ्यापर्यंत (दोन्ही पाखी वर जिथे मिळतात तिथपर्यंत) जाते, आणि मग कागद एका कोपऱ्यात सुरकुततो.

खांब नऊ, तीन ओळींत तीन-तीन. पहिली ओळ दक्षिण कडेला, जमिनीपासून ४० सेंटीमीटर उंच. दुसरी तिच्यापासून २ मीटरवर, आढ्याखाली, २.६ मीटर. तिसरी उत्तर कडेला, १.९ मीटर. प्रत्येक खड्डा निदान ७५ सेंटीमीटर खोल हवा. तुमच्याकडे जमीन याहून खोलवर गोठत असेल तर त्या खोलीच्याही खाली जा.

इथे बहुतेक जण चुकतात. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. ओली माती गोठली की ती खांबाला कडेने धरते आणि वर उचलते. वसंतात बर्फ वितळला की खांब दोन बोटं वर आलेला दिसतो, दुसऱ्या वर्षी चार. हे टाळायचं तर खड्डा खाली रुंद आणि वर अरुंद खणा. तळाशी १० सेंटीमीटर खडी घाला म्हणजे पाणी निघून जाईल. खांबाच्या बुडाला फुटभराचं आडवं लाकूड स्क्रूने जोडा आणि मग काँक्रीट किंवा दगडमातीने ठासा. काँक्रीट वरच्या तोंडाशी छत्रीसारखं पसरू देऊ नका. गोठलेली माती नेमकी त्याच छत्रीखाली हात घालते.

आडवं लाकूड वाऱ्यासाठीही लागतं. ताशी १०० किलोमीटर वेगाचा वारा दर चौरस मीटरला सुमारे ४८ किलोचा दाब देतो आणि आपलं दक्षिणेचं पाखं १२ चौरस मीटरचं आहे. अर्ध्या टनाहून मोठं ओझं एखाद्या रात्री वर ओढू पाहणार आहे, असं धरून चला.

खांब उभे झाले की चारही बाजूंनी, खांबांच्या बाहेरून, ६० सेंटीमीटर खोल चर खणा आणि त्यात ५ सेंटीमीटर जाडीचे थर्मोकोलचे पत्रे उभे बसवा. निळे-गुलाबी टणक पत्रे मिळाले तर ते पाणी कमी पितात, जास्त टिकतात. खडकाळ जमिनीत खोल जाता येत नसेल तर हेच पत्रे भिंतीपासून बाहेरच्या बाजूला, एक वीत मातीखाली, उतरत्या ढाळाने आडवे पसरा. बाहेरची गोठलेली जमीन कडेकडेने आतल्या वाफ्याला गोठवते, ती वाट अशी बंद होते. चरात पत्र्याच्या बाहेरून बारीक छिद्रांची लोखंडी जाळीही सोडा. उंदरांना थर्मोकोल आणि ऊब दोन्ही फार आवडतं.

इशारा: हे सगळं जमीन गोठण्याआधी उरकायचं. गोठलेल्या जमिनीत चर खणायला तिप्पट वेळ लागतो, आणि मग माणूस “यंदा राहू दे” म्हणतो. ते कायमचं राहतं.

## टप्पा ४: सांगाडा

खांबांच्या तिन्ही ओळींवर आडव्या तुळया टाका, मधली म्हणजे आढं. दक्षिणेच्या तुळईपासून आढ्यापर्यंत ३ मीटरचे वासे, आढ्यापासून उत्तर तुळईपर्यंत सव्वा मीटरचे. वासे १० बाय ५ सेंटीमीटरचे, उभे बसवलेले. आडवा बसवलेला वासा तेवढ्याच लाकडात निम्मंच ओझं पेलतो. दोन वाशांत ५७ सेंटीमीटर ठेवलं की ४ मीटरच्या लांबीत आठ वासे बसतात.

या मापांनी दक्षिणेचं पाखं सुमारे ४८ अंशांत उभं राहतं. हिवाळ्यातलं तिरकं ऊन त्यावर बरंच सरळ पडतं, आणि बर्फ थांबण्याऐवजी घसरतो. ‘जरा आडवं केलं तर वाफ्याला जागा वाढेल’ असा मोह होतो. बर्फाचं वजन बघा आणि मग ठरवा. ताजा, कोरडा बर्फ घनमीटरला ५० ते १०० किलो भरतो, ओला झाला की ३०० आणि त्याहूनही वर. दक्षिणेच्या पाख्याखालच्या ८ चौरस मीटरवर फुटभर ओला बर्फ बसला तर सातशे किलो होतात.

वाशांच्या मध्यावर एक आडवी पट्टी आणि चारही कोपऱ्यांत तिरके आधार द्या. तिरके आधार नसलेला सांगाडा सरळ दिसतो, पण हाताने ढकलला की पत्त्याच्या बंगल्यासारखा कलतो.

तपासा: आढ्याला दोन्ही हातांनी धरून पूर्ण वजनाने लटका. करकरलं, वाकलं किंवा डुललं तर पुढे जाऊ नका. ओळंबा सोडून खांब पुन्हा एकदा बघा.

वाशांच्या वरच्या कडा पॉलिश कागदाने घासा आणि पांढरा रंग द्या. कागद लाकडाला जिथे टेकतो तिथे उन्हात तापून आधी खराब होतो, पांढऱ्या रंगाने ते तापणं कमी होतं. टोकदार कोपऱ्यांवर सायकलची जुनी ट्यूब कापून ठोका.

## टप्पा ५: उत्तर बाजू बंद करा

उत्तरेची भिंत, उत्तरेचं पाखं, दक्षिणेची ४० सेंटीमीटरची बुटकी भिंत आणि दोन्ही टोकांच्या भिंतींचा आढ्यामागचा भाग, एवढं सगळं बंद. बाहेरून फळ्या किंवा पत्रा, मध्ये ५ सेंटीमीटर थर्मोकोल, आतून प्लॅस्टिकचा पातळ थर आणि त्यावर पातळ फळी किंवा प्लायवूड. आतला प्लॅस्टिक थर गाळू नका. हरितगृहातली हवा कायम दमट असते. ती भिंतीत शिरली की थर्मोकोल भिजतं आणि लाकूड कुजतं. थर्मोकोल उघडंही ठेवू नका. ते उन्हाने भुरभुरतं आणि ठिणगी पडली तर भडकतं.

आतली बाजू पांढरी रंगवा. उत्तरेकडून उजेड येत नाही, पण दक्षिणेकडून आलेला उजेड परतून रोपांच्या पाठीवर पडतो. रोपं मग दक्षिणेकडे वाकत नाहीत.

‘एवढी भिंत झाकली तर अंधार होईल’ ही शंका मला नेहमी ऐकू येते. आकडे बघा. हाच आकार सगळीकडून एकेरी कागदाने झाकला, तर आतबाहेर १० अंशांचा फरक टिकवायला ढोबळ हिशेबाने २४०० वॉट लागतात. उत्तर बाजू बंद केली आणि दक्षिणेला दुहेरी कागद घातला, तर साधारण ९०० वॉटमध्ये भागतं. या एका टप्प्याने जी बचत होते, ती नंतर कोणत्याही हीटरने होत नाही.

## टप्पा ६: झरोके आणि दार, कागदाच्या आधी

हा टप्पा इथेच करायचा. कागद लागल्यावर झरोका कापायला कुणाचाही हात धजावत नाही.

मोकळं होणारं एकूण क्षेत्र जमिनीच्या १५ ते २० टक्के हवं, म्हणजे आपल्या १२ चौरस मीटरला साधारण २ ते अडीच. उत्तरेच्या पाख्यात, आढ्याला लागून, अर्धा बाय एक मीटरची दोन झापं ठेवा. गरम हवा वरून जाते, आणि ती जायची तर खालून थंड हवा यायला हवी. म्हणून टोकांच्या भिंतींत जमिनीपासून वीतभर वर एकेक छोटं झाप करा. दार टोकाच्या भिंतीत, आढ्याच्या खांबालगत, ६० सेंटीमीटर रुंद, बाहेर उघडणारं. जिकडून हिवाळी वारा येतो त्या टोकाला दार नको. दारासमोर बर्फ साचतो, तेव्हा उंबरा निदान १५ सेंटीमीटर उंच ठेवा.

दिवसा घरी कुणी नसेल तर झापाला मेणाच्या नळीचं आपोआप उघडणारं यंत्र बसवा. आतलं मेण तापून फुगतं आणि दांडा झाप उचलतो, वीज लागत नाही. त्याला उघडायला थोडा वेळ लागतो आणि जड झाप त्याला पेलत नाही, म्हणून झाप हलकं करा. माझ्या उकडलेल्या पालकाची किंमत या नळीहून जास्त होती.

तपासा: सगळी झापं मिटून आतून बघा. कडेने उजेडाची रेघ दिसते तिथे फोमची पट्टी लावा.

## टप्पा ७: कागद

दिवस निवडताना घाई नको. वारा पडलेली सकाळ, १५ ते २० अंश हवा. कडाक्याच्या थंडीत ताणलेला कागद उन्हाळ्यात ढिला पडून फडफडतो, आणि कागद मरतो तो फडफडण्यानेच. दोघं तरी हवेत. तिसरा असला तर चहाच्या सुट्ट्या वाढतात, पण कोपरा धरायला कुणीतरी लागतंच.

१. कागद चारी बाजूंनी अर्धा मीटर जास्त ठेवून कापा. दक्षिणेच्या पाख्याला ४ बाय ५ मीटरचा तुकडा लागेल.

२. कागदावरची छपाई वाचा. कोणती बाजू बाहेर हे लिहिलेलं असतं. थेंब न पाडणारा लेप असेल तर ती बाजू आत.

३. आधी आढ्यावर पक्का करा, मध्यापासून टोकांकडे. मग खाली ओढून दक्षिणेच्या तुळईवर, पुन्हा मध्यापासून. टोकांच्या बाजू शेवटी.

४. कागदाला थेट खिळा किंवा पिन मारू नका. कडेला कागद एका पट्टीभोवती दोन वेढे गुंडाळा आणि ती पट्टी स्क्रूने तुळईला आवळा. भोक पडलेला कागद त्या भोकापासूनच फाटत जातो.

५. आता आतून, वाशांच्या खालच्या कडेला, दुसरा कागद. दोहोंत वाशाच्या जाडीइतकी हवा अडकते, आणि खरी गोधडी तीच. हा कागद मागच्या वर्षीचा, थोडा मळका असला तरी चालेल. मात्र दोन्ही थर एकमेकांना कुठेही चिकटू देऊ नका. चिकटतात तिथे एकच थर उरतो.

टोकांच्या भिंतींच्या पुढच्या भागालाही असाच दुहेरी कागद लावा. जुन्या काचेच्या खिडक्या मिळाल्या असतील तर त्या इथे बसवा, पाख्यावर नको. त्यांचा जुना रंग मात्र सोलू नका, त्यात शिसं असू शकतं.

## टप्पा ८: फटी

संध्याकाळी वारा असताना आत जाऊन दार लावा आणि पेटती उदबत्ती सगळ्या सांध्यांजवळून फिरवा. धूर आडवा पळाला की तिथे फट. खडूने खूण करा, सगळं फिरून झालं की एकदम बुजवा. भिंतीची खालची कड आणि जमीन यांच्यामधली जागा सगळे विसरतात. तिथे बाहेरून मातीचा बांध घाला आणि आतून गोणपाट ठासा.

## टप्पा ९: पिंपं आणि वाफे

उत्तरेच्या भिंतीला लागून २०० लिटरची पाच पिंपं, उन्हाची बाजू काळी रंगवलेली. खाद्यतेल किंवा रस ठेवलेलीच पिंपं घ्या, रसायनांची कितीही धुतली तरी नकोत. बूड समतल हवं, कारण भरलेलं पिंप दोनशे किलोंहून जड असतं. तोंडापर्यंत भरू नका, दहावा हिस्सा मोकळा ठेवा आणि झाकण लावा.

पिंपांबद्दल अवास्तव आशा बाळगू नका. एका पिंपातलं पाणी रात्रीत ५ अंशांनी निवलं तर साधारण १.२ युनिट उष्णता सोडतं. १४ तासांच्या रात्रीत विभागली तर ती ८० वॉटच्या आसपास जाते. पाच पिंपांचे ४०० वॉट. टप्पा ५ केला असेल तर ही जवळजवळ निम्मी गरज आहे, आणि केला नसेल तर सहावा हिस्सा. पिंपांच्या पुढ्यात उंच रोपं लावू नका. ऊन पोचलं नाही तर ती नुसती थंड पाण्याची टाकी आहे.

वाट पिंपांना लागून, ४० सेंटीमीटर. पुढचा सगळा भाग वाफा. तो दोन मीटर खोल असल्याने मध्ये ४० सेंटीमीटर रुंद आणि १.२ मीटर खोल असे दोन खाचे सोडा, म्हणजे पुढच्या बुटक्या भिंतीपर्यंत हात पोचतो. खाच्यात खुरपं धरून बसलं की सगळीकडे हात जातो का, हे माती भरण्याआधी खरोखर बसून बघा.

इशारा: आत कोळशाची शेगडी, रॉकेलचा स्टोव्ह, धुराडं नसलेली कसलीही आग लावू नका. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो. कुंडीखाली मेणबत्ती ठेवण्याचे व्हिडिओ बघून मोह होतो, पण एका मेणबत्तीची ऊब शंभर वॉटच्याही आत. विजेचा हीटर लावणारच असाल तर विजेची गळती झाल्यावर आपोआप बंद होणाऱ्या स्विचवरच लावा. आत सगळं ओलं असतं.

## टप्पा १०: आतलं पांघरूण आणि पेरणीची वेळ

सगळ्यात कमी खर्चात सगळ्यात जास्त उपयोग होतो तो वाफ्यावरच्या दुसऱ्या पांघरुणाचा. जाड तारेच्या फुटभर उंच कमानी आणि त्यावर पिकांवर टाकायचं पांढरं न विणलेलं कापड. ते दोन-चार अंश राखतं, आणि गोठायच्या रात्री तेवढ्यावरच सगळं ठरतं. कापड पानांना टेकू देऊ नका, टेकलेलं पान गोठतं. संध्याकाळी ऊन ढळायच्या आधी झाका. अंधार पडल्यावर झाकून उपयोग नाही, तोवर वाफ्याची ऊब निघून गेलेली असते.

पेरणीत चूक तारखेची होते. दिवस १० तासांहून लहान झाला की पालेभाज्या जवळपास वाढायच्या थांबतात, आत ऊब असली तरी. ४५ अंश अक्षांशावर हा काळ साधारण नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत असतो. म्हणून त्याआधी रोपं तीन-चतुर्थांश तरी वाढलेली हवीत. हिवाळ्यात हरितगृह म्हणजे जिवंत भाजी साठवायचं फडताळ. पालक, मोहरीचा पाला, केल, लेट्यूस, कांद्याची पात, कोथिंबीर, गाजर हे टिकतं. टोमॅटो आणि वांग्याचा हट्ट धरू नका.

पाणी सकाळी आणि बेताने. हिवाळ्यात रोपं फार कमी पितात, जास्तीचं पाणी मुळं कुजवतं. मात्र थंडीची मोठी लाट येणार असेल तर आदल्या सकाळी माती ओलवून घ्या. ओली माती कोरडीपेक्षा जास्त उष्णता धरते. आणि उन्हाच्या दिवशी बाहेर शून्याखाली असलं तरी अर्धा तास झापं उघडा. दमट, बंद हवेत पानांवर करडी बुरशी धरते.

सकाळी पानं काचेसारखी कडक दिसली तर हात लावू नका. दहा-अकराला ऊन लागून ती मऊ पडली की मग खुडा. गोठलेली खुडली तर हातातच त्यांचं पाणी होतं.

## बर्फ पडत असताना

थांबायची वाट बघू नका. दहा-बारा सेंटीमीटर झाला की आतून, कापड गुंडाळलेल्या मऊ झाडूने दोन वाशांच्या मधल्या भागावर खालून हलके टप्पे मारा, तो घसरेल. बाहेरून लोखंडी फावडं कागदाजवळ नेऊ नका. घसरलेला बर्फ दक्षिणेच्या बुटक्या भिंतीसमोर ढीग करतो. तो तसाच राहिला तर पुढचा बर्फ घसरायला जागा उरत नाही आणि वजन पाख्यावर चढत जातं. म्हणून आधी तो ढीग हटवा, मग पाखं. उत्तरेच्या भिंतीला लागलेला बर्फ मात्र राहू द्या. तो फुकटचं पांघरूण आहे.

किमान-कमाल दाखवणारे दोन तापमापक घ्या. एक बाहेर सावलीत, दुसरा आतल्या पांघरुणाखाली रोपांच्या उंचीवर. पहिले दोन आठवडे दोन्ही आकडे रोज सकाळी वहीत लिहा. ढगाळ रात्रीचा आणि चांदण्या रात्रीचा फरक वेगवेगळा दिसेल, निरभ्र रात्री ऊब जास्त गळते. वारा नसलेल्या निरभ्र रात्रीनंतरही आतलं किमान बाहेरच्यापेक्षा पाच-सहा अंशांनी वर नसेल, तर टप्पा ८ ची उदबत्ती पुन्हा पेटवा आणि सुरुवात दाराच्या खालच्या कडेपासून करा.